म्हाताऱ्या लहान कुत्र्याचं स्वादुपिंड नाजूक झालंय? ताटात काय वाढायचं, काय नाही

दिवाळीचा फराळ, लग्नाची पंगत किंवा घरातलं मटणाचं जेवण आटोपलं, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरातलं म्हातारं पामेरियन जेवेनासं होतं. आधी पिवळं पाणी उलटून टाकतं, मग कोपऱ्यात जाऊन बसतं. 'पोट बिघडलं असेल, उद्या होईल बरं' म्हणून घरचे एक दिवस थांबतात. डॉक्टरांकडे सलाईन लागते तेव्हा कळतं, की हे साधं अपचन नाही, स्वादुपिंडाला सूज आली आहे.

वेळेवर उपचार मिळाले तर बरीचशी कुत्री पहिल्या झटक्यातून वाचतात. अवघड भाग घरी आल्यावर सुरू होतो. कारण इथून पुढची वर्षं औषधाच्या बाटलीपेक्षा स्वयंपाकघरावर जास्त अवलंबून असतात. घरात चार माणसं असली तर चौघंही कुत्र्याला काही ना काही घालत असतात, आणि एकानं जरी 'एवढ्याशानं काय होतंय' म्हटलं तरी पथ्य मोडतं. हे 'एवढंसं' नेमकं किती असतं आणि त्याऐवजी काय द्यायचं, त्याची ही माहिती.

स्वादुपिंड करतं काय?

जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणाला चिकटून असलेली ही फिकट गुलाबी ग्रंथी दोन कामं करते. एक, इन्सुलिन तयार करून रक्तातली साखर सांभाळणं. दुसरं, अन्न पचवणारे रस तयार करून आतड्यात सोडणं. चरबी पचवणारं लायपेज हे त्यातलंच एक.

हे पाचक रस फार जोरकस असतात. म्हणून ते ग्रंथीत असताना निष्क्रिय असतात आणि आतड्यात पोचल्यावरच कामाला लागतात. काही कारणानं ते ग्रंथीच्या आतच जागे झाले, तर ती ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. सूज येते, भयंकर दुखतं, उलट्या होतात. याला पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. तो अचानक जोरात येतो तेव्हा तीव्र, आणि आत धुमसत राहतो तेव्हा जुनाट. म्हाताऱ्या कुत्र्यांत जुनाट प्रकार अनेकदा लक्षातच येत नाही. एक दिवस खातं, दुसऱ्या दिवशी तोंड फिरवतं, महिन्यातून दोनदा उलटी करतं, आणि घरचे म्हणतात, 'वय झालंय त्याचं.'

सीमाभागात डॉक्टरांशी बोलताना भाषेची अडचण येऊ नये म्हणून एवढं लक्षात ठेवावं: स्वादुपिंडाला कन्नडमध्ये मेदोजीरक ग्रंथी, हिंदीत अग्न्याशय, तेलुगूत क्लोम ग्रंथी म्हणतात. गुजरातीत मराठीसारखाच 'स्वादुपिंड' हा शब्द आहे. 'पॅन्क्रियास' म्हटलं तर कुठल्याही राज्यातल्या पशुवैद्यांना कळतं.

कोणत्या कुत्र्यांना धोका जास्त?

कुठल्याही जातीच्या, कुठल्याही वयाच्या कुत्र्याला हा आजार होऊ शकतो. पण मध्यम वयापासून पुढं तो जास्त दिसतो. मिनिएचर श्नाउझर या जातीत रक्तातली चरबी जन्मतःच वाढलेली असण्याचं प्रमाण मोठं आहे आणि या आजाराचंही. यॉर्कशायर टेरियर, कॉकर स्पॅनियल, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या लहान जातींचंही नाव यात येतं. आपल्याकडे घरोघरी असलेलं पांढरं पामेरियन, पग, डॅशहुंड यांचा धोका वाढतो तो मुख्यतः लठ्ठपणामुळं आणि ताटातल्या उरल्यासुरल्या खाण्यामुळं.

मधुमेह, थायरॉईड कमी पडणं, कुशिंग नावाचा हार्मोनचा आजार, रक्तात ट्रायग्लिसराइड वाढणं यांच्याशीही त्याचा संबंध आहे. फिट येऊ नये म्हणून दिली जाणारी काही औषधंही कारण ठरू शकतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, आजारी पडण्याआधीच्या दिवसांत ताटातलं उरलेलं अन्न, सवयीबाहेरचा खाऊ किंवा कचऱ्यातलं काही खाल्लेल्या कुत्र्यांत हा आजार जास्त आढळला. पुष्कळ वेळा मात्र नेमकं कारण सापडत नाही. तेव्हा घरात 'तू घातलंस म्हणून झालं' अशी भांडणं काढण्यात अर्थ नाही. पुढं काय घालायचं ते ठरवावं.

लक्षणं ओळखायची कशी?

उलट्या, अन्नावरची वासना जाणं, मलूलपणा, जुलाब, पोटाला हात लावू न देणं ही नेहमीची लक्षणं. आणखी एक खूण आहे. कुत्रं पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकवतं आणि मागचा भाग वर ठेवतं, नमस्कार घातल्यासारखं. खेळायला बोलावतानाही कुत्रं असंच वाकतं, पण तेव्हा ते क्षणभरच वाकतं, शेपटी हलत असते आणि लगेच उडी मारतं. दुखणारं कुत्रं त्याच अवस्थेत थांबून राहतं, पुन्हा पुन्हा तसं करतं.

निदानासाठी लक्षणं, सोनोग्राफी आणि स्वादुपिंडातल्या लायपेजची खास रक्ततपासणी असं सगळं एकत्र बघावं लागतं. जुन्या पद्धतीच्या साध्या अमायलेज-लायपेज तपासणीवर एकटीवर विसंबता येत नाही. बरं झाल्यावर १२ तास उपाशी ठेवून ट्रायग्लिसराइड तपासून घ्यावं. ते ५०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर पथ्य आणखी कडक लागतं, कधी औषधही.

पहिले काही दिवस

पूर्वी स्वादुपिंडाला विश्रांती म्हणून कुत्र्याला दोन-चार दिवस उपाशी ठेवत. आता तसं करत नाहीत. उलट्या औषधानं आटोक्यात आल्या, की लवकरात लवकर थोडं थोडं कमी चरबीचं अन्न सुरू करतात. आतडं रिकामं राहिलं तर ते आणखी दुबळं होतं. म्हाताऱ्या लहान कुत्र्याकडे अंगात साठा कमी असतो, त्याला लांब उपास झेपत नाही.

सुरुवात मऊ, गुरगुट्या भातानं किंवा घट्टसर पेजेनं करता येते. त्यात कातडी काढलेल्या, उकडलेल्या कोंबडीच्या छातीचं बारीक केलेलं मांस. मीठ नको, फोडणी नको, हळदही नको. पहिल्या दिवशी नेहमीच्या अन्नाचा पाव हिस्सा, तोही पाच-सहा वेळा दोन-दोन चमचे. उलटी झाली नाही तर तीन-चार दिवसांत पूर्ण मापावर यायचं. डॉक्टरांनी वेगळा क्रम सांगितला असेल तर तोच पाळायचा.

जबरदस्तीनं तोंडात अन्न कोंबू नये. मळमळ असताना कोंबलेल्या अन्नाचा कुत्र्याला कायमचा तिटकारा बसतो, शिवाय ते श्वासनलिकेत जाण्याची भीती. न खाणं हे हट्टाचं नसून दुखण्याचं किंवा मळमळीचं लक्षण असतं. त्यावर औषध आहे, ते डॉक्टरांकडून घ्यावं.

एका दिवसाचा चरबीचा हिशेब

हा हिशेब एकदा केला की घरातले निम्मे वाद मिटतात. समजा, ११ वर्षांचं, ५ किलो वजनाचं पामेरियन आहे.

आधी उष्मांक. कॅल्क्युलेटर घ्या. वजनाला वजनानं दोनदा गुणा (५ × ५ × ५ = १२५). आलेल्या आकड्याचं वर्गमूळ दोनदा काढा (११.१८, मग ३.३४). त्याला ७० नं गुणा. उत्तर २३४. नुसतं पडून राहायला एवढ्या किलोकॅलरी लागतात. म्हाताऱ्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला याच्या साधारण १.२ ते १.४ पट, म्हणजे दिवसाला २८० ते ३३० किलोकॅलरी पुरतात. सोयीसाठी ३०० धरू. याच रीतीनं पहिला आकडा ३ किलोच्या कुत्र्याला १६०, ८ किलोच्याला ३३३ येतो.

आता चरबी. पशुआहाराच्या हिशेबात १००० किलोकॅलरीमागे ३० ग्रॅमपेक्षा कमी चरबी असलेलं अन्न कमी चरबीचं समजतात. वारंवार त्रास होणाऱ्या किंवा रक्तातली चरबी वाढलेल्या कुत्र्याला २० ग्रॅमच्या आसपास आणतात. म्हणजे आपल्या ५ किलोच्या पामेरियनला अख्ख्या दिवसात ९ ग्रॅम, आणि कडक पथ्यात फक्त ६ ग्रॅम चरबी. सगळ्या जेवणांतली मिळून.

त्या सहा ग्रॅमांपुढं नेहमीचा खाऊ ठेवून बघा:

- चहाचा एक चमचा तूप: ४ ते ५ ग्रॅम
- अंड्याचा एक पिवळा बलक: सुमारे ५ ग्रॅम
- अर्धी वाटी (१०० मिली) म्हशीचं दूध: ६ ते ७ ग्रॅम
- २० ग्रॅमचा चीजचा तुकडा: सुमारे ५ ग्रॅम
- १० ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे जेमतेम पंधरा दाणे: सुमारे ५ ग्रॅम
- १० ग्रॅम सुकं खोबरं: ६ ग्रॅमच्या वर
- १५ ग्रॅम शेव: ५ ते ६ ग्रॅम

यातलं कुठलंही एक दिलं की दिवसाचा वाटा संपला, आणि जेवण अजून व्हायचंच आहे. 'पोळीला नुसता तुपाचा हात लावला होता' या वाक्याचा अर्थ ५ किलोच्या कुत्र्याच्या हिशेबात असा होतो. पन्नास किलोच्या माणसानं दहा चमचे तूप एकदम प्यायल्यासारखा तो प्रकार आहे.

घरचं जेवण कसं बांधायचं?

३०० किलोकॅलरीसाठी ढोबळ माप असं: शिजवलेला भात १२० ग्रॅम आणि कातडी काढून उकडलेली कोंबडीची छाती ९० ग्रॅम. दोन्ही वजनं शिजल्यानंतरची. यात साधारण ३ ग्रॅम चरबी येते. सोबत उकडलेला दुधी, लाल भोपळा किंवा गाजर दोन चमचे. हे चार भागांत वाटून सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना द्यावं. एकदम भरल्या पोटापेक्षा थोडं थोडं अन्न स्वादुपिंडाला सोपं जातं.

काही बारकावे महत्त्वाचे आहेत.

कोंबडीच्या दुकानात 'कुत्र्यासाठी' म्हणून स्वस्तात मिळणारे पाय, माना, कातडी घेऊ नये. कच्च्या कातडीत जवळपास तिसरा हिस्सा चरबी असते. तंगडीच्या मांसातही छातीपेक्षा चरबी जास्त. मांस शिजवलेलं पाणी भातात घालायचं असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं, वर धरलेला चरबीचा थर चमच्यानं काढून टाकावा आणि खालचं पाणी वापरावं. पायाचं सूप 'हाडांना चांगलं' म्हणून दिलं जातं. या कुत्र्याला ते नको.

गोव्यात आणि किनारपट्टीला मासळी सहज मिळते. बांगडा, तारली तेलकट असतात. मुडदुशीसारखी पांढऱ्या मांसाची मासळी कमी चरबीची. ती नुसत्या पाण्यात उकडून, काटे बोटांनी चाचपून काढून द्यावी. कालवणातला तुकडा धुऊन दिला तरी नारळाची चरबी, मीठ आणि कांदा-लसूण त्यात उतरलेलं असतंच.

प्रथिनं कमी करू नयेत. म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू झडत असतात, पाठीचा कणा हाताला लागू लागतो. चरबी कमी करताना मांसही कमी करून नुसता भात घातला, तर स्वादुपिंड शांत राहील पण कुत्रं खंगेल.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: भात-कोंबडी हे काही दिवसांचं पथ्य आहे, कायमचं जेवण नाही. त्यात कॅल्शियम अगदीच कमी असतं. जस्त, काही जीवनसत्त्वं आणि आवश्यक स्निग्धाम्लंही पुरत नाहीत. महिनोन् महिने घरचंच द्यायचं असेल तर कोणतं पूरक किती घालायचं, ते पशुवैद्यांकडून लिहून घ्यावं. अंदाजानं घातलेली कॅल्शियमची गोळी फायद्याइतकाच तोटाही करू शकते.

शाकाहारी घरात काय?

इंदूर, बडोदा किंवा बेळगावातल्या अनेक मराठी घरांत मांस शिजत नाही. तिथं अडून बसायचं कारण नाही. कुत्रं शिजवलेलं धान्य चांगलं पचवतं. प्रथिनांसाठी साय पूर्ण काढलेल्या दुधाचं पनीर किंवा दही चालतं. बाजारच्या साध्या पनीरमध्ये मात्र १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर चरबी असते. अंडं चालत असेल तर उकडून फक्त पांढरा भाग. मूगडाळ अगदी मऊ शिजवून, थोडी थोडी वाढवत न्यावी, नाहीतर पोट फुगतं. दुधाच्या पदार्थांनी जुलाब होतात का तेही बघावं. पूर्ण शाकाहारी आहार कायमचा ठेवायचा तर पूरकांचा सल्ला आणखीच गरजेचा. कित्येकदा तयार कमी चरबीचं अन्न हाच सोपा मार्ग ठरतो.

पाकिटावरचा आकडा कसा वाचायचा?

'सीनियर', 'लाइट', 'सेन्सिटिव्ह' हे शब्द बघून अन्न घेऊ नये. या शब्दांवरून चरबी किती ते कळत नाही. पाकिटावर दोन आकडे शोधा: चरबी किती टक्के आणि एका किलोत किती किलोकॅलरी. टक्क्यांना १० नं गुणलं की एका किलोतली चरबी ग्रॅममध्ये मिळते. तिला हजार किलोकॅलरीच्या आकड्यानं भागा.

उदाहरणार्थ, कोरडं अन्न १२ टक्के चरबीचं, किलोला ३५०० किलोकॅलरी: १२० भागिले ३.५, म्हणजे ३४. हे आपल्या ३० च्या मर्यादेबाहेर गेलं. दुसरं ७ टक्के आणि ३४०० किलोकॅलरी: ७० भागिले ३.४, म्हणजे साधारण २१. हे चालेल. आता डब्यातलं ओलं अन्न बघा, त्यावर फक्त ५ टक्के लिहिलेलं असतं आणि किलोला १००० किलोकॅलरी. ५० भागिले १, म्हणजे ५०! ओल्या अन्नात पाणीच जास्त असल्यामुळं टक्का छोटा दिसतो आणि माणूस फसतो.

पाकिटावर बहुधा 'किमान' चरबी लिहिलेली असते, प्रत्यक्षात ती थोडी जास्तही असू शकते. पोटाच्या आजारासाठी खास बनवलेलं 'लो फॅट' अन्न काही कंपन्या विकतात. ते महाग पडतं, पण ५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला शंभर ग्रॅमही लागत नाही. दात पडले असतील तर कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून द्यावं. जुन्या अन्नातून नव्यावर येताना सात ते दहा दिवस घ्यावेत, रोज थोडं जुनं कमी, थोडं नवं जास्त.

तोंडात टाकायला काय?

दिवसभराच्या उष्मांकांपैकी खाऊ दहा टक्क्यांच्या आत असावा. आपल्या पामेरियनला ३० किलोकॅलरी. काकडीचे काप, उकडलेलं गाजर, उकडलेल्या रताळ्याचा तुकडा, बिया काढलेलं सफरचंद किंवा कलिंगड, आणि बिनमिठाचे, बिनतेलाचे चुरमुरे (इंदूरकडचे परमल, बडोद्याकडचे ममरे). चुरमुऱ्याचा एक एक दाणा दिला तरी कुत्र्याच्या लेखी तो एक खाऊच असतो. त्याला संख्या कळते, वजन नाही.

गोळी देताना लोणी, पेढा, चीज वापरायची सवय मोडावी. उकडलेल्या बटाट्याचा गोळा, केळ्याचा छोटा काप किंवा भाताचा मुटका तेवढंच काम करतो.

हे कधीच नको

तळण, फरसाण, वडे, पुऱ्या. मटणाचा रस्सा आणि त्यावरची तर्री. गोव्याचं सॉसेज. खवा, कुंदा, पेढे, बर्फी. साय, लोणी, खोबरेल. केसांना चकाकी येते म्हणून पाजलं जाणारं खोबरेलही चरबीच. हाडं नकोतच.

कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ तर निरोगी कुत्र्यालाही विषारी. शिऱ्यातले, लाडवातले बेदाणे म्हणजे वाळलेली द्राक्षंच, हे विसरू नये.

माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, स्वतःच्या मनानं कधीच देऊ नयेत. पाचक एन्झाइमची पावडरही सरसकट उपयोगाची नसते. ती स्वादुपिंडाचा रसच कमी पडू लागल्यावर लागते. त्या आजारात कुत्रं भरपूर खाऊनही वाळत जातं आणि शी मोठी, तेलकट होते. जुनाट सुजेनंतर पुढं तशी वेळ येऊ शकते, म्हणून या खुणांवर लक्ष असावं.

सोबत दुसरा आजार असेल तर

म्हाताऱ्या कुत्र्याला एकच आजार असतो असं नाही, आणि दोन पथ्यं एकमेकांच्या विरुद्ध जाऊ शकतात. मूत्रपिंडाच्या आजारासाठी बनवलेल्या अन्नात प्रथिनं कमी आणि चरबी बऱ्याचदा जास्त असते. ते स्वादुपिंडाला चालत नाही. हृदय कमजोर असेल तर मीठ सांभाळावं लागतं. मधुमेह असेल तर जेवणाच्या वेळा इन्सुलिनशी बांधलेल्या असतात, आणि अशा कुत्र्यानं एक वेळ जरी जेवण टाकलं तरी इन्सुलिन देण्याआधी डॉक्टरांना फोन करायला हवा. अशा गुंत्यात दोन पाकिटं घरी मिसळून मधला मार्ग काढू नये.

गुंतागुंतीच्या वेळी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांचा उपयोग होतो. कर्नाटकात बिदर आणि बेंगळुरूचं हेब्बाळ, महाराष्ट्रात मुंबईचं परळ आणि सातारा जिल्ह्यातलं शिरवळ, इंदूरजवळ महू, बडोद्याजवळ आणंद, हैदराबादेत राजेंद्रनगर इथं अशी महाविद्यालयं आहेत. जाताना जुने रिपोर्ट आणि सध्याच्या अन्नाच्या पाकिटाचा फोटो बरोबर न्यावा.

घरातल्या माणसांचं पथ्य

कुत्र्याला घास घालणं ही आपल्याकडे नुसती हौस नाही. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो. शेवटची पोळी कुत्र्याची, हे घराघरात ठरलेलं. ज्या आजीनं दहा-बारा वर्षं रोज स्वतःच्या ताटातला घास काढून ठेवला, तिला एक दिवस 'आता काही घालायचं नाही' म्हणून बजावलं, तर ती लपून घालणार. आणि लपून घातलेलं मोजता येत नाही.

त्यावर साधा उपाय म्हणजे डबी. सकाळीच दिवसाचा खाऊ एका छोट्या डबीत काढून ठेवायचा: काकडीचे चार काप, मूठभर चुरमुरे, कोंबडीच्या वाट्यातले दोन तुकडे. घरातल्या कुणीही, कधीही घालावं, पण डबीतलंच. डबी रिकामी झाली की संपलं. डबी आजीच्या हाती द्यावी. पोळी घालायचीच असेल तर डबीत बिनतुपाच्या, बिनतेलाच्या फुलक्याचा चतकोर ठेवावा. पाहुण्यांना, कामाच्या मावशींना, शेजारच्या मुलांनाही हीच डबी दाखवावी.

लग्नसराईत आणि सणासुदीला फिरवताना पट्टा आखूड धरावा. पत्रावळ्या आणि उकिरडा कुत्र्याला आधी दिसतो. घरातला कचऱ्याचा डबा झाकणाचा असावा. दिवाळीत फराळाची ताटं टीपॉयवर नकोत.

वही आणि वजनकाटा

एका वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात: किती खाल्लं, उलटी झाली का, शी कशी झाली, वागणं कसं. दर आठवड्याला त्याच दिवशी, जेवणाआधी वजन. घरच्या काट्यावर आधी कुत्र्याला घेऊन उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि फरक काढायचा. अशा काट्याला थोडा फार फरक कळत नाही, म्हणून महिन्यातून एकदा दवाखान्याच्या काट्यावरही वजन करावं. ५ किलोच्या कुत्र्याचं २५० ग्रॅम वजन घटणं म्हणजे ५० किलोच्या माणसाचं अडीच किलो घटणं. लठ्ठ कुत्र्याचं वजन उतरवायचं असेल तरी आठवड्याला एक-दोन टक्क्यांपेक्षा वेगानं नको.

दोन महिन्यांची वही चाळली की कुठल्या दिवसानंतर त्रास झाला ते दिसतं. रविवारच्या मटणानंतरचा सोमवार, पाहुणे येऊन गेल्यानंतरचा दिवस. घरच्यांना हे डॉक्टरांपेक्षा ती वहीच जास्त पटवून देते.

लगेच दवाखान्यात कधी?

दिवसात दोन-तीनपेक्षा जास्त उलट्या झाल्या, पाणीही पोटात ठरत नसेल, पूर्ण दिवस काही खाल्लं नाही, नमस्कारासारखी अवस्था पुन्हा पुन्हा दिसली, हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळट झाल्या, उलटीत किंवा शीत रक्त दिसलं, किंवा कुत्रं उभंच राहीना, तर सकाळची वाट बघू नये. लहान अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. डॉक्टरांना कुत्र्याचं वजन, चालू औषधं आणि गेल्या तीन दिवसांत पोटात काय काय गेलं ते खरं खरं सांगावं. आजीनं चोरून घातलेला लाडूसुद्धा.